नव्वद घरांची परवानगी

लंडनच्या कोर्टात आमचं गाव जिंकलं, त्या संध्याकाळी माझ्याबरोबर खटला लढवणाऱ्या एनिडने पबमध्ये घरचा केक कापला. गावाबाहेरच्या कुरणात नव्वद घरं बांधायला कौन्सिलने दिलेली परवानगी न्यायाधीशांनी रद्द केली होती. आमचा बॅरिस्टर मात्र केकला हात न लावता म्हणाला, "घरं नकोत असं न्यायाधीश म्हणालेच नाहीत. परवानगीची कारणं कौन्सिलने लिहिली नव्हती, एवढंच."

"म्हणजे?" एनिडने विचारलं.

"म्हणजे आता लिहितील."

तीन महिन्यांत लिहिली. तेच सभासद, तेच वर झालेले हात. फक्त या वेळी अध्यक्षबाईंनी अकरा पानं कारणं वाचून दाखवली. बॅरिस्टरने कोर्टात काढलेली एकेक चूक त्यात निगुतीने दुरुस्त केलेली. दोन वर्षं जॅम विकून आम्ही खटल्याचे पैसे जमवले आणि कौन्सिलची शिकवणीच घेतली म्हणा ना!

कुरणावर बुलडोझर फिरला आणि कौन्सिलचं गोड पत्र आलं: नव्या रस्त्याला गावानेच नाव सुचवावं. आमच्याकडे रीतच आहे, जे मारायचं त्याचंच नाव पाटीवर लावायचं. शेजारच्या गावात ओक तोडले आणि 'ओक गल्ली' झाली.

"कुरणात चंडोल होते. 'चंडोल गल्ली' लिहू?" मी विचारलं.

"पाखरांची तेवढी तरी अब्रू ठेव," एनिड खेकसली. "'विजय मार्ग' लिही. खटला जिंकलोय ना आपण!"

रागाच्या भरात मी तेच लिहून पाठवलं. कौन्सिलने एकमताने मंजूर केलं, कारणांसकट.