लाल झाकणाचा डबा

आमच्या आईला पोलिसात घेतलं असतं तर बढतीवर बढती मिळाली असती. मला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी आतडी बंड करतात. हे कळलं त्याच दिवशी आईने घरातून गहू हद्दपार केला आणि जाहीर केलं, "माझी पोर खाणार नाही ते मीही खाणार नाही!" बाबा बिचारे ऑफिसातच पाव खाऊन येतात. आले की आई त्यांना दारातूनच चूळ भरायला पिटाळते.

आता मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. आई ऐकेना. "तिथे तुझं पथ्य कोण सांभाळणार?" शेवटी तह झाला. माझ्यासारख्या तरुण रुग्णांच्या आहारावर एक अभ्यास चालला होता, त्यात मी होतेच. रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची. दोन रेघा उमटल्या म्हणजे पोटात गहू गेला. महिनाभर एकच रेघ आली तर मी जाणार.

पहिल्याच आठवड्यात दोन रेघा! बाबांनी ती पट्टी बाथरूममध्ये पाहिली, भलताच अर्थ लावला आणि मटकन खाली बसले. त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. आई मात्र जिंकल्यासारखी. "बघ! बाहेर अरबट-चरबट खातेस!"

मी बाहेर पाणीसुद्धा पीत नव्हते. नोकरी हातची जाणार म्हणून मला रडूच कोसळलं. अभ्यासातल्या आहारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "घरातल्या पिठाचा नमुना आण."

आमच्या घरात आणि गहू? मी फणकारतच डबा काढला. माझ्या तांदळाच्या पिठाचा, लाल झाकणाचा. वर आईच्या अक्षरात 'कोणीही हात लावू नये'. चमचा खोल खुपसला तर आत काहीतरी कुरकुरलं. बिस्किटांचा फाटका पुडा!

मागे आई, हातात भाजीची पिशवी.

"अगं आई, माझ्याच डब्यात?"

"तुझ्या बाबांचा हात सगळीकडे पोचतो," ती पुटपुटली. "तिथे तेवढा नाही. आणि मी सगळ्यांसमोर एवढं बोलून बसले होते गं." मग तिचा बांधच फुटला. "म्हणजे मीच घालत होते तुझ्या पोटात!"

मी अशी चिडले होते म्हणून सांगू, पण हसू आवरेना.

मी गेले. माझ्या खोलीत रोज एकच रेघ येते. आईला मी नवा डबा घेऊन दिलाय, ती आता उघडपणे चहात बिस्कीट बुडवते.

परवा घरी गेले. बेल वाजवली, दार काही उघडेना. आतून आवाज येत होता. मला जवळ घेण्याआधी आई खळखळून चूळ भरत होती.