व्याही-विहिणींचा अभ्यासक्रम

अण्णांची मुलगी विहीणबाईंच्या घरात नांदत होती, म्हणून अण्णा गप्प होते. एरवी ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. एका मोठ्या इस्पितळाची संगणकांची खोली त्यांनी नोकरीभर सांभाळली होती. बड्या डॉक्टरांनाही "आधी मला सांगा, हे बटण कोणी दाबलं?" असं तोंडावर विचारायची त्यांची रीत होती.

निवृत्तीनंतर एका संस्थेने त्यांना बोलावलं. सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे कचेरीतली संगणकयंत्रणा सांभाळणाऱ्यांसाठीचा, प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता. त्यात काय शिकवायचं ते दोन जाणकारांनी मिळून ठरवायचं होतं. दुसऱ्या जाणकार म्हणून दारातून आत आल्या त्या विहीणबाई. त्या एका कंपनीचे भाड्याचे सर्व्हर सांभाळत, म्हणजे परमुलखातल्या कुठल्याशा इमारतीतली मशिनं त्या घरच्या टेबलावरून चालवत.

नातं कळल्यावर संचालक खूश झाले. "मग काय, घरचंच काम. वादाला जागाच नाही."

वादाला जागा भरपूर होती. अण्णांचं मत असं, की विद्यार्थ्याने आधी मशीन उघडावं, केबल स्वतःच्या हाताने बनवावी, आणि मुख्य म्हणजे गेलेली माहिती परत आणून दाखवावी. माहितीची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, घ्यायला कोणालाही येतं. तो परत चढवायची वेळ आली की भल्याभल्यांची भंबेरी उडते. विहीणबाईंचं म्हणणं, आता मशीन हाताला लागतंच कुठे? स्क्रिप्ट लिहायला शिकवा, एकदा लिहिली की तेच काम शंभर मशिनांवर आपोआप होतं. आणि लॉग वाचायला शिकवा, म्हणजे मशिनाने स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी. दुखणं कुठे आहे ते तिथेच कळतं.

हे सगळं पोटात. ओठांवर मात्र, "तुम्ही म्हणाल तसं."

"छे, छे, तुमचा अनुभव मोठा."

कामाच्या पहिल्या बैठकीआधी मुलीचा फोन आला होता. "बाबा, तुमचं तोंड मला माहीत आहे. तिकडे ठिणगी टाकाल आणि चटका मला इकडे बसेल. वाद घालू नका." अण्णांनी शब्द दिला होता.

अशा रीतीने दोघांचं सगळंच अभ्यासक्रमात आलं. संचालकांनी आराखडा चाळला आणि चष्मा काढून ठेवला. "एवढं शिकवायचं तर विद्यार्थ्यांना इथेच राहायला जागा द्यावी लागेल. निम्मं काढा."

मग काढायची चढाओढ लागली. विहीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून अण्णांनी आपलं बॅकअप परत चढवणं काढलं. काढताना चेहरा मात्र हसरा ठेवला. ते पाहून विहीणबाईंनी लॉग वाचणं काढलं. अण्णांनी केबल काढली, त्यांनी स्क्रिप्ट काढली. उरल्या नुसत्या व्याख्या. कशाला काय म्हणतात आणि त्याचे प्रकार किती. परीक्षेला सोपं आणि कोणाच्याच मनात नसलेलं.

चाचणीसाठी एक छोटा वर्ग भरवला. आठवडाभर दोघांनी आळीपाळीने शिकवलं. विद्यार्थी मान डोलावत आणि लिहून घेत. शाळेच्या कार्यालयात काम करणारी एक बाई पुढच्या बाकावर बसे. आठवडा संपताना तिने विचारलं, "सर, मशीन बंद पडलं तर काय करायचं, ते पुढे कधी आहे?"

अण्णांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई फळ्याकडे पाहत होत्या.

"ते नाही यात," अण्णा म्हणाले.

"अच्छा," ती म्हणाली, आणि वहीचं पान उलटून पुढची व्याख्या लिहून घेऊ लागली. तिने तक्रार केली असती तर बरं झालं असतं, असं अण्णांना वाटलं.

वर्ग रिकामा झाला, तरी दोघं बसून राहिली.

"खरं सांगू का?" विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या होला हो करता, त्याचा मला वीट आलाय."

"मुलीचा बाप आहे मी. दुसरं काय करू?"

"आणि मी काय छडी घेऊन बसलेय घरात? मला मुलाने बजावलंय, त्यांना दुखवू नकोस, ती हिरमुसते. म्हणून मी माझे लॉग काढले. तुम्ही बॅकअप काढलात तेव्हा मला वाटलं, या माणसाला इस्पितळाने नोकरीत ठेवलं तरी कसं?"

अण्णांचे कान तापले. "तुमच्याखातर काढलं मी ते."

"मला विचारलंत?"

"नाही."

"मग आता विचारा. नीट भांडून विचारा."

अण्णा भांडले. महिनाभर तुंबलेलं सगळं बाहेर आलं. विहीणबाईंच्या एका चुकीच्या स्क्रिप्टने शंभर मशिनं एका दमात झोपतील, हे त्यांनी ऐकवलं. शंभर मशिनांवर तेच काम हाताने करणाऱ्याला कष्टाळू म्हणत नाहीत, वेंधळा म्हणतात, हे विहीणबाईंनी ऐकवलं. केबलवर तर दोघांचे आवाज इतके चढले, की संचालकांनी दार उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

"केबल बाजारात तयार मिळते," विहीणबाई म्हणाल्या. "तिच्यात दोन दिवस घालवणार, की माहिती परत आणण्यात?"

अण्णांनी आराखडा पुढे ओढला. त्यांनी केबल सोडली. या वेळी खरी सोडली, आणि दुखलंही खरंच. पण बॅकअप परत आला, लॉगही आले. पहिल्याच दिवशी प्रत्येकापुढे अण्णांनी मुद्दाम बिघडवलेलं मशीन ठेवायचं आणि विहीणबाईंनी लॉगमधून दुखणं शोधायला शिकवायचं, असं ठरलं. व्याख्या वाटेत लागतील तशा.

घरी येताना मात्र अण्णांना घाम फुटला. संध्याकाळी फोन वाजला, तेव्हा त्यांनी तो बायकोकडे सरकवला. बायकोने परत त्यांच्याच हातात दिला.

"बाबा, आज काय झालं तिकडे?"

"थोडं बोललो मी."

"सासूबाई घरी आल्या त्या गुणगुणतच. म्हणाल्या, तुझे वडील बोलतात की. मला वाटायचं, त्यांना मी आवडत नाही."

अण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. होकार देत राहिलं की माणूस परकं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

अभ्यासक्रम सुरू झाला आणि चाललाही. शाळेच्या कार्यालयातली ती बाई दुसऱ्यांदा पहिल्यापासून बसली. बिघडलेल्या मशिनापुढे तिने अण्णांना इतके प्रश्न विचारले, की त्यांना जेवायला उशीर झाला. प्रिंटर शिकवावा की नाही यावर मात्र व्याही-विहिणींचं आजवर जमलेलं नाही. दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली आणि तो विषय निघाला, की मुलगी आणि जावई आपापलं ताट उचलून आतल्या खोलीत जातात.