धाकटीच्या रानाचं पाणी

सकाळीच पाटाला पाणी सुटलं होतं. धाकटी सून कमरेवर हात ठेवून बांधावर उभी होती. आजची पाण्याची पाळी तिची. पण सगळं पाणी थोरल्या दिराच्या रानात शिरत होतं. तिथं आधीच घोटाभर तळं साचलेलं, आणि इकडे तिच्या मिरचीनं माना टाकलेल्या.

"मोठे भाऊजी, आता तरी माझ्याकडचं दार उघडा."

"माझं भिजू दे की पोटभर. तुझं रान काय पळून जातंय?"

तिनं बांधावरच बसलेल्या सासूकडे पाहिलं. सासूनं नजर वळवली. पाटाचं लोखंडी दार पुरुषानंच उघडायचं. बाईचा, त्यातून विधवेचा हात लागला तर पाणी आटतं, अशी गावाची पक्की समजूत. सासूही तरुणपणीच विधवा झालेली. तिनंही जन्मभर दिरांच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या.

"मी सोसलं, तूही सोस," एवढंच ती म्हणाली.

सून पोटुशी होती. नवऱ्याच्या मागे हे मूल तेवढं उरलं होतं, आणि त्यानं स्वतः लावलेली मिरची. ती डोळ्यांदेखत करपू द्यायला तिचं मन धजेना. ती विहिरीवरून हंडे वाहू लागली. एकेका रोपाच्या बुडाशी ओंजळभर पाणी. सासू म्हणायची, "अगं, जिवाला जप." पण थोरल्या लेकाला तिनं कधी हटकलं नाही.

एका दुपारी सून जेवायला आलीच नाही. सासू रानात गेली, तर ती सरीत आडवी पडलेली. हंडा कलंडलेला, साडी रक्तानं भिजलेली.

सून वाचली. मूल वाचलं नाही.

पुढच्या पाळीला सासू स्वतः पाटावर गेली. थोरला धावत आला.

"आई, हात लावू नकोस! लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. माझं नातवंड गेलं, तेव्हा कुठं होते लोक? हो बाजूला."

दार गंजलेलं होतं. तिनं दोन्ही हातांनी हिसडे दिले, तळवे सोलवटले, तेव्हा कुठं ते वर आलं. पाणी मिरचीत शिरलं. निम्मी रोपं केव्हाच वाळली होती. त्यांच्याही बुडाशी ते गेलं. बांधावर जमलेल्या बायकांना ती म्हणाली, "आपल्या पाळीला आपणच दार उघडायचं. कुणी अडवलं तर मला हाक मारा."

घरी सून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"पोरी, मिरचीला पाणी दिलं गं."

सून वळली नाही. "हे तेव्हाही जमलं असतं ना, आई?"

चिखलानं भरलेल्या पायांनी सासू उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.