किल्ली दिसली, दार उघडलं नाही

मित्रांनो, मी एक जुना अँड्रॉइड फोन आहे. लातूरजवळच्या मुरुडात, शंकरप्पांच्या किराणा दुकानात, गल्ल्याखालच्या खणात पडून असतो. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की शंकरप्पा मला बाहेर काढून दाखवतात. "हे बघा, ह्या डबड्यानं माझ्या लेकीचे सहा महिने खाल्ले!" गिऱ्हाईक हळहळतं. मी मुकाट ऐकून घेतो. पण पोटात किती दिवस ठेवणार? आज तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला आठवत नाही. पहिली आठवण लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानाची, आणि काचेबाहेरून टकमक बघणाऱ्या अक्षराची. ती शंकरप्पांची एकुलती एक लेक, तेव्हा दहावीत होती. घरी नेल्यावर तिच्या आईनं, शिवकांताबाईंनी, मला विभूती लावली. थोडी कॅमेऱ्यावरही लागली आणि आठवडाभर सगळ्यांचे फोटो धुरकट आले. काय कौतुक होतं माझं! खाली ठेवायचं म्हटलं तरी आधी रुमाल अंथरत.

त्याच दिवशी शंकरप्पांनी माझी वेळ दहा मिनिटं पुढं केली. तरुणपणी तलाठ्याच्या परीक्षेला जाताना त्यांची एसटी डोळ्यांदेखत सुटली होती. तेव्हापासून या घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढं. "माझं झालं ते झालं, पोरीची गाडी चुकाया नको," असं म्हणत त्यांनी माझी आपोआप वेळ घ्यायची सोय बंद केली आणि आकडे हातानं फिरवले. घरातले सगळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करत, त्यामुळं कुणाचं काही अडत नव्हतं. खोटी वेळ दाखवायला मला लाज वाटायची, पण त्या खोटेपणात बापाची माया होती. मग मी तरी काय बोलणार?

माझ्यावरच अभ्यास करून अक्षरा बारावी झाली. नांदेडच्या कॉलेजात फार्मसीच्या डिप्लोमाला लागली. माझी काच कोपऱ्यात तडकली, बॅटरी फुगली, मागचं झाकण रबर लावून धरावं लागलं. तरी तिनं मला टाकलं नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात ती स्कूटीवरून पडली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. एकच पेपर राहिला होता. तो झाला की लातूरच्या एका औषधाच्या दुकानात नोकरी ठरलेली. कॉलेजनं घरून पेपर द्यायची परवानगी दिली, पण एक अट घातली: कॉलेजच्या प्रॉक्सीतून यायचं.

प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस, मित्रांनो. आपला निरोप त्याच्याकडं द्यायचा, त्यानं तो आतल्या खोलीत पोचवायचा. त्यासाठी माझ्यात एक ॲप टाकायचं होतं. संगणक विभागाच्या मनिषा मॅडमनी पत्ता, पोर्टचा, म्हणजे कुठल्या दारानं आत शिरायचं त्याचा, आकडा आणि पासवर्ड पाठवला. आदल्या दिवशी अक्षरानं एकेक अक्षर तपासून सगळं भरलं, परवानगी दिली, आणि माझ्या कपाळावर बारीकशी किल्ली उमटली. "झालं अप्पा, चालू हाय!" ती म्हणाली. शंकरप्पांनी पेढा आणला. किल्ली म्हणजे ॲप जागं आहे एवढंच. पलीकडच्यानं आत घेतलंय की नाही, ते त्यावरून कळत नाही. पण पेपरचं पान दुसऱ्या दिवशी अकरालाच उघडणार होतं, मग तपासणार कसं?

अकरा वाजले. पेपरला आत शिरायचं दार सव्वाअकरापर्यंतच उघडं राहणार होतं. अक्षरानं पान उघडलं. 'जोडणी झाली नाही.' पुन्हा उघडलं. तेच.

"नेट गेलं का काय?" शंकरप्पांनी विचारलं.

"न्हाई अप्पा, बाकी समदं चालू हाय. हेच तेवढं उघडंना."

तिनं मला बंद करून चालू केलं. विमानाचं चिन्ह दाबलं, सोडलं. ॲप काढून पुन्हा टाकलं. पोर्ट तिसऱ्यांदा वाचला. मी तापून निखारा झालो होतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आम्हाला तोंड कुठं असतं?

"मोडकं मेलं! आजच मरायचं होतं का तुला?" अक्षरा पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. खरं सांगतो, लई लागलं.

"थांब माय, रडू नको. मडिवाळप्पाला घिऊन येतो," म्हणत शंकरप्पा अनवाणीच पळाले. मडिवाळप्पाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान स्टँडजवळ. जाताना आपला बटणांचा फोन त्यांनी पलंगावर ठेवला. त्यावरून अक्षरानं मनिषा मॅडमना फोन लावला.

मॅडमनी सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तुझ्या फोनवर आत्ता किती वाजलेत?"

"अकरा पंचवीस."

"अगं, इथं सव्वाअकरा होतायत! वेळ दोन मिनिटांपेक्षा जास्त चुकली तर आपला सर्व्हर खोटा निरोप समजून टाकून देतो. कुणी बदलली ही वेळ?"

अक्षरानं दारातल्या अप्पांच्या चपलांकडं बघितलं. मग म्हणाली, "माझ्याकडूनच झालं असंल, मॅडम."

तिनं माझी वेळ आपोआपवर टाकली. झटक्यात जोडणी झाली, पान उघडलं. 'प्रवेशाची वेळ संपली आहे.' अकरा सतरा झाले होते. मॅडमनी प्राचार्यांना विनवलं, पण नियम म्हणजे नियम. आता पुढच्या सत्रात, सहा महिन्यांनी.

शंकरप्पा मडिवाळप्पाला घेऊन घामाघूम होऊन आले. "काय झालं? कशानं अडलं व्हतं?"

अक्षरानं डोळे पुसले. "फोनच जुना झालाय अप्पा. तुमचं-माझं काय चुकलं न्हाई."

लातूरच्या नोकरीवर दुसरी मुलगी लागली. अक्षरा हल्ली दुपारी दुकानात बसते, वजनकाट्याशेजारी पुस्तक उघडं असतं. परवा शंकरप्पा पुन्हा मला शिव्या देऊ लागले, तेव्हा तिनं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं, ओढणीनं पुसलं आणि म्हणाली, "अप्पा, त्याला नका बोलू." का, ते तिनं सांगितलं नाही.

मित्रांनो, यंत्र अडलं की त्याला बडवू नका. आपण त्याच्याकडून काय करवून घेतलंय, ते आधी बघा. त्याचे पेच, त्याची वेळ वरचेवर तपासत जा. आणि शोधता शोधता चुकीपाशी आपल्याच मायेच्या माणसाचा हात सापडला, तर खुशाल माझ्यावर घाला. मी सोसतो.