कौशल्याबाईच्या नावावरच्या गोळ्या

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मागच्या अंगाला एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र होतं. मनिषा तिथे सात वर्षांपासून कॉम्प्युटरवर नोंदी करत होती. कोण आलं, किती गोळ्या नेल्या, वजन किती भरलं, रक्तातला विषाणू मोजला का, हे सगळं ती भरायची आणि ते जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला दिसायचं.

श्रावणात जिल्ह्याहून नुसत्या क्रमांकांनी अकरा जणांची यादी आली. वर्ष उलटून गेलं तरी ज्यांची विषाणूची तपासणी झालेली नाही, अशांची. त्यात युसूफ वडगावाकडच्या एका वस्तीवरच्या कौशल्याबाईचा क्रमांक होता. मनिषाने तिचं पान उघडलं. गोळ्या एकदाही चुकलेल्या नव्हत्या. तिचा नवरा अंगद ऊसतोडीचा मुकादम होता. दर तीन महिन्यांनी तो तिचं औषधांच्या नोंदीचं हिरवं पुस्तक घेऊन यायचा, बाई उसाला गेलीय म्हणायचा आणि गोळ्या न्यायचा. तपासणीपुढे तीन वेळा लिहिलं होतं, ‘रुग्ण बाहेरगावी, तब्येत बरी.’ लिहिणारी मनिषाच. तिथे काही भरल्याशिवाय पान पुढे सरकत नसे आणि दाराशी रांग असे. तिसरी नोंद मे महिन्यातली होती. तोवर कारखाने बंद होऊन टोळ्या कधीच गावी परतलेल्या असतात. बीडमध्ये जन्म गेलेल्या मनिषाला हे कुणी सांगायची गरज नव्हती, तरी तिने ते लिहिलं होतं.

तिने अंगदला फोन केला. पुढच्या हप्त्यात आणतो, असं तो दोनदा म्हणाला. मग गोळ्यांची तारीख आली तसा एकटाच आला. रक्त दिल्याशिवाय पुढचं औषध निघणार नाही, असं मनिषाने त्याला सांगितलं. हे खरं नव्हतं. गोळ्या कुणालाच नाकारायच्या नसतात. पण ती बोलून गेली.

अंगदने उठून दार लोटलं. परत येऊन बसला आणि सदऱ्याची बाही वर सारली.

“मग माझं घ्या तिच्या नावावर. तुमच्या कॉम्प्युटरला काय कळतंय, रगत बाईचं हाय का बाप्याचं.”

“भाऊ, कौशल्याबाई कुठंय?”

त्याने बाही पुन्हा खाली ओढली. “संक्रांतीच्या हप्त्यात गेली. तिकडंच, फडावर.”

महिनाभर खोकत होती, तिथल्या डॉक्टरने दोन सलाइन लावल्या, तिसरी लावायच्या आत संपली, एवढं त्याने सांगितलं. मनिषाने स्क्रीनवरच्या तारखा पाहिल्या. संक्रांतीनंतर दोनदा तिने त्या बाईची तब्येत बरी लिहिली होती.

“मग गोळ्या कोण खातं?”

“मीच.”

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. बाळंतपणाच्या तपासणीत कौशल्याबाईचा आजार निघाला, तेव्हा अंगदलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. तो इथे आला नाही. लांबच्या खासगी लॅबमध्ये गेला आणि आजार निघाल्याची चिठ्ठी फाडून टाकली. हाताखाली नवरा-बायकोच्या वीस जोड्यांची टोळी, औंदा सरपंचाचा फॉर्म भरायचा. सरकारी कॉम्प्युटरात नाव गेलं की गावात फुटणारच, असं त्याने धरलं होतं. मग एकाच्या गोळ्या दोघांत. आज तिने, उद्या त्याने.

“तीच म्हनली, तुमी घ्या, मी बरी हाय,” अंगद म्हणाला. “शेवटाला तर घेतच नव्हती. मला ठावं होतं.”

मनिषाने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तासभर समजावलं, आजच्या आज तुमच्या स्वतःच्या नावावर गोळ्या सुरू करू म्हणाले. नाव कोणाकोणाला दिसतं, एवढंच अंगदने विचारलं. या खोलीतल्या माणसांना, मनिषा म्हणाली, वर फक्त आकडे मोजतात. विचार करून येतो म्हणून तो गोळ्या न घेताच गेला.

त्या दुपारी तिने कौशल्याबाईचा मृत्यू भरला. आपल्या आधीच्या तीन नोंदी तिला पुसता येत नव्हत्या. तिने वरिष्ठांना पत्र लिहिलं, त्या नोंदी आपण रुग्णाला न पाहता भरल्या, असं त्यात सरळ कबूल केलं. आठवड्याने मेमो आला. यादीतल्या बाकी दहा जणांना तिने स्वतः फोन लावले. आठ जण येऊन रक्त देऊन गेले. दोन नंबर बंद होते.

अंगद आला नाही. फोन उचलायचा, हो म्हणायचा. पुढे उचलायचंही थांबवलं.

दसरा झाल्यावर चतुराबाई त्याला रिक्षात घालून घेऊन आली. ही त्याची आई. तो अर्धा राहिला होता, तोंडात पांढरे फोड आले होते, पाणीही गिळवत नव्हतं. त्याने स्वतःच आपलं पूर्ण नाव सांगितलं, आवाज न चोरता, आणि मनिषाने ते भरलं. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, क्षयाचंही औषध चालू केलं आणि जगण्याबद्दल काहीच बोलले नाहीत.

चतुराबाई टेबलाशी येऊन उभी राहिली. “बाई, माझ्या सुनंला बी हेच होतं का?”

मेलेल्या रुग्णाचंही कुणाला सांगायचं नसतं. मनिषाने अंगदकडे पाहिलं.

“व्हय,” बाकावरून अंगद म्हणाला. “माझ्यापायी मेली ती.”

म्हातारी त्याच्याकडे गेली नाही. तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. बाहेरच्या रांगेतून कुणीतरी दार वाजवलं, आणि मनिषाने पुढच्या माणसाला थोडं थांबायला सांगितलं.