माळ्यावरची पिवळी

माघाचं ऊन मोठं समदर्शी. जिल्हा कारागृहाच्या काळ्या, काचा रोवलेल्या, काटेरी तारांचा किरीट ल्यालेल्या तटावर ते पडतं; आणि तटापलीकडे नदीकाठच्या ज्वारीवर, तिच्या दुधाळ, टपोऱ्या, वाऱ्याबरोबर माना डोलावणाऱ्या कणसांवरही तेवढ्याच मायेनं पडतं. त्याची कुणी झडती घेत नाही. त्याला कुणी नातं विचारत नाही. मनाला येईल तेव्हा आत जावं, मनाला येईल तेव्हा बाहेर यावं, ही मुभा त्या गावात एकट्या उन्हाला.

वच्छला ऊन नव्हती. ती निवृत्तीची बायको होती, आणि बायकोला रांग लागते.

कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून बांधावर हाणामारी झाली, फावड्याचा दांडा निवृत्तीच्या हातात सापडला, आणि त्या हातासकट निवृत्तीला नेलं. कुठं नेलं, हे घरी सांगायचं राहून गेलं. ठाणं म्हणालं, तालुक्याला बघा. तालुका म्हणाला, इथली कोठडी भरली, जिल्ह्याला बघा. दारामागून दार, दारामागून दार. आणि प्रत्येक दारानं मोठ्या अदबीनं पुढचं दार दाखवलं. अखेर हे लोखंडी, अजस्र, पोटात आणखी एक छोटं दार बाळगणारं दार आलं, आणि देव सापडावा तसा वच्छलाला नवरा सापडला: जाळीआड, अंधुक, आणि फक्त बुधवारी.

त्या बुधवारीही जाळीच्या अल्याड-पल्याड कल्लोळ उसळला होता. प्रत्येक जण आपलं गुपित ओरडून सांगत होता. त्या गदारोळात निवृत्ती पुढे वाकला आणि लाजला. हळदीच्या दिवशी लाजला होता, त्यानंतर आत्ताच.

"वच्छे, रोज येतीस गं तू."

"मी?"

"नदीकडच्या खिडकीतनं दिसतीस की. ज्वारीत, माळ्यावर. ती हळदी साडी नेसून. म्या रोज सांजच्याला हात हलवतो. तू काय हलवत न्हाईस. रुसलीस व्हय अजून?"

वच्छलाची हळदी साडी तो गेला त्या दिवसापासून ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात होती. आणि वच्छला स्वतः आठवडाभर गावी, म्हशींच्या सहवासात.

"घरदार टाकून हितं ऱ्हायलीस माझ्यासाठी," निवृत्तीचा आवाज ओलावला. "तुला बघतो, मग दोन घास उतरत्यात."

तिनं तोंड उघडलं. शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. तोंड तसंच राहिलं.

मत्सर म्हणजे कुसळ. दिसत नाही, वजन नाही, पण एकदा पदराला लागलं की चालणाऱ्याला चालू देत नाही आणि बसणाऱ्याला बसू देत नाही. वच्छला चालत सुटली. तटाला वळसा घालून, नदीच्या बाजूनं, तापल्या वाळूतून. चालता चालता, मनातल्या मनात, त्या पिवळीला तिनं आधी लांब मान दिली. मग त्या मानेवर काळीभोर वेणी सोडली. मग तिला स्वतःहून तरुण केलं. ओढ्यापाशी येईतो नाकात मोत्यांची नथही घातली. जी नथ वच्छला निवृत्तीकडे लग्नापासून मागत होती.

रानाच्या पल्याडच्या बाजूनं ज्वारी दुभंगली, आणि समोर चार बांबूंच्या उंच माळ्यावर ती उभी होती. पिवळी, ताठ, अबोल. पाठमोरी. तोंड तुरुंगाकडे.

"ए भवाने, खाली उतर!"

उत्तर आलं ते खालून. कणसांच्या गर्दीतून, डोईवर गवताचा भारा घेऊन, रानाची मालकीण अनुसयाबाई उगवली.

"न्हाई उतरायची ती. हुरडा सरंस्तवर न्हाई."

"कोन हाय ती?"

"माझी सून म्हन की. उलटं बोलत न्हाई, खायाला मागत न्हाई, दिसभर उभी. अशी दुसरी घावंल का सांग."

वच्छला माळ्यावर चढली. मान बांबूची होती. डोकं मडक्याचं, डोळे कोळशाचे, पोट सरमडाचं, ज्वारीच्या वाळल्या ताटांचं. कपाळावर मात्र ठसठशीत, वाटोळं, रक्तासारखं लाल कुंकू.

"बिनकुंकवाची बरी दिसंना," खालून खुलासा आला.

इथं मत्सरानं मरायला हवं होतं. पण तो मेला नाही. तो तिथंच, त्या मडक्यासमोर, ज्वारीसारखा पुरुषभर वाढला. माणसाची बाई असती तर तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. हिच्या कशा उपटणार? ही थंडीत उभी होती, उन्हात उभी होती; वच्छला म्हशींचं शेण काढत होती तेव्हा उभी होती, बुधवारची वाट बघत होती तेव्हा उभी होती. पाखरं राखता राखता हिनं तिचा नवरा राखला होता. सरमडानं तिला निष्ठेत हरवलं होतं.

वच्छलानं अंगठा ओला केला आणि मडक्याचं कुंकू पुसून टाकलं.

सांज उतरली. नदी केशरी झाली, तट जांभळा झाला, आणि वरच्या बराकीच्या खिडकीतून, गजांच्या फटीतून, एक हात बाहेर आला. सावकाश, सवयीनं, उत्तराची आशा नसलेल्या माणसासारखा तो हलू लागला.

वच्छलानं पिवळीचा पदर ओढला. पिवळा, विटका, उन्हाचा वास मारणारा तो पदर स्वतःच्या डोक्यावरून घेतला आणि ती पुढे उभी राहिली. एकाच साडीत दोघी. आणि पुढचीनं हात वर केला.

खिडकीतला हात थांबला.

कणसं थांबली, नदी थांबली.

मग गजांतून दुसराही हात बाहेर आला, आणि दोन्ही हात, वेड्यासारखे, पाखरांसारखे, पिंजऱ्याच्या बाहेरून पिंजऱ्यावरच फडफडू लागले.

शेवटची एसटी चुकवून चालणार नव्हतं. म्हशी रुसव्याच्या बाबतीत निवृत्तीहून कडक. वच्छलानं पदर उतरवला, झटकला, पिवळीच्या खांद्यावर नीट बसवला. निऱ्या सारख्या केल्या. घुटमळली. मग स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि तिथलं अर्धं कुंकू मडक्याला लावलं.

"रोज उभी ऱ्हा, बाई," ती हळूच म्हणाली. "पर हात हलवायचा न्हाई. सांगून ठेवते."

ती गेली. ऊन गेलं. पोपट गेले. तट काळा झाला, खिडकी काळी झाली, ज्वारी काळी झाली. आणि साऱ्या काळोखात तेवढी मावळायची राहिली ती पिवळी: ताठ, अबोल, अर्ध्या कुंकवाची. वाऱ्यानं कितीही ओढलं, तरी हात न हलवणारी.