हडळीचे डोळे

हौशीराम पेंटरने उभ्या आयुष्यात सिनेमाच्या बोर्डांवर शेकड्याने भुतं रंगवली, पण नातीसमोर ते एक कापड उलगडायला त्याने सकाळपासून टाळाटाळ केली. पुण्याला चित्रकला शिकणाऱ्या अपेक्षाला भुताच्या सिनेमांच्या पोस्टरवर निबंध लिहायचा होता. पोस्टर माणसाला घाबरवतं कसं, हे तिला शोधायचं होतं. वलवणच्या घरात माळ्यावर एवढं एकच कापड उरलं होतं, आणि हौशीरामला नेमकं तेच दाखवायचं नव्हतं.

चाळीस वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या एका टॉकीजवाल्याने चार दिवसांत भुताच्या सिनेमाचा मोठा कापडी बोर्ड मागितला. समोर बसवायला कोणी मिळेना, तेव्हा हौशीरामने नव्यानेच लग्न करून आणलेल्या रतनला चुलीपुढे बसवलं. तुझं चित्र काढतो म्हणाला. कसलं, ते सांगितलं नाही. ती बिचारी ठेवणीतली साडी नेसून दोन दिवस जागची हलली नाही. आठवड्याच्या आत बाजाररस्त्यावर केस सोडलेली, रक्ताळल्या ओठांची हडळ टांगली गेली. चेहरा हुबेहूब रतनचा. कारागिरीचा माज, दुसरं काय! पोरं तिला बघून पळायला लागली. त्यानंतर रतनबाई कधी बाजारात गेली नाही. भाजी आजतागायत हौशीराम आणतो. पिशवी दारात ठेवताना माफीचे शब्द ओठांवर यायचे आणि दर वेळी तो ते गिळायचा.

अपेक्षा कापडाभोवती फिरत बोलत होती. उजेड खालून पाडलाय, म्हणून सावल्या गालांवर उलट्या चढल्यात. आपल्याला वरून येणाऱ्या उजेडाची सवय, म्हणून आपण बिचकतो. अर्धं कापड नुसतं काळं ठेवलंय. तिथे काय असेल, ते बघणाराच आपल्या मनाने भरतो. हौशीराम मान डोलावत होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. चुलीचा जाळ खालून येतो, एवढंच त्याने रंगवलं होतं. दारात रतनबाई तांदूळ निवडत बसली होती. तिने अजून मान वर केली नव्हती.

"पण आजोबा, डोळे चुकलेत," अपेक्षा म्हणाली. "बाकी सगळं घाबरवतं. ही मात्र लाजतेय."

हौशीराम वाकून ते डोळे बघू लागला. ओठ रंगवले, केस सोडले, पण डोळे बदलायला तेव्हा त्याचा हात धजला नव्हता.

"ती तुजी आजी हाय," तो म्हणाला. मग दाराकडे न बघताच म्हणाला, "रतन, माजं चुकलं गं."

रतनबाईने सुपातला खडा वेचून बाहेर टाकला.

"हडळ केलीत, ते मी कवाच सोडून दिलं," ती म्हणाली. "बाजाराचंबी काय न्हाई. पर त्या दोन दिसांत माज्याकडं जसं बघितलंत, तसं परत कदी बघितलं न्हाई."

हौशीरामने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, तोवर ती सूप उचलून आत गेली होती.